आधी जुळवा, मग जोडा

अकोले तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून सकाळच्या एसटीने एक आजी ग्रामीण रुग्णालयात आल्या आहेत, असे समजू. ओल्या अंगणात पाय घसरला, हात टेकला आणि मनगट सुजले. केसपेपर निघतो, एक्स-रेही निघतो. तंत्रज्ञ ‘झालं, आजी’ म्हणतो. पण डॉक्टरांच्या टेबलावरच्या संगणकावर चित्र काही उमटत नाही. दहा मिनिटे जातात, वीस जातात. बाहेर रांग वाढते. ‘साहेब, मशीन ठणठणीत आहे,’ तंत्रज्ञ सांगतो. ‘काल संध्याकाळी तुमचा कॉम्प्युटर अपडेट झाला. तेव्हापासून त्याला वायफायच सापडत नाही.’ आजींचा मुलगा दारातून विचारतो, ‘मग आईला संगमनेरला न्यायची का, डॉक्टरसाहेब?’

प्रसंग कल्पनेतला आहे, बिघाड मात्र खरा आणि रोजचा आहे. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: नाही. चित्र एक्स-रे खोलीतल्या संगणकावर आहेच. डॉक्टरांनी चार पावले चालत जाऊन ते पाहावे आणि उपचार सुरू करावेत. रुग्णाने संगणकाची वाट पाहायची नसते. पण उद्या पुन्हा हेच होऊ नये, म्हणून बिघाडाचे निदान करायलाच हवे. आणि ते निदान करण्याची रीत वैद्यकातल्या रीतीहून फारशी वेगळी नाही.

कर्नल आणि त्याचा दुभाषा

आपल्या मेंदूच्या तळाशी श्वास आणि हृदयाची लय सांभाळणारा एक भाग असतो. आपण विचार करत असू वा झोपेत असू, तो काम करतच राहतो. संगणकात तसे काम ‘कर्नल’ करतो. हा लष्करातला कर्नल नव्हे. याचा अर्थ गाभा. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, डिस्कवर काय लिहायचे, कोणते उपकरण कधी वापरायचे, हे सगळे तो ठरवतो. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये असा एक गाभा लिहायला घेतला. तोच लिनक्स. आज मोबाइलपासून महासंगणकापर्यंत सगळीकडे तो आहे. पुण्याच्या सी-डॅकचे नाव ‘परम’ महासंगणकामुळे आपल्याला माहीत आहे. याच संस्थेने लिनक्सवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही तयार केली.

कर्नलला प्रत्येक उपकरणाची भाषा येत नाही. प्रिंटर, स्कॅनर, वायफायचे डोंगल यांच्याशी बोलायला त्याला दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाषा बाहेर ओट्यावर बसत नाही, थेट गाभाऱ्यात बसतो. म्हणून त्याची चूक साऱ्या घराला भोवते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीत, जी विंडोजच्या कर्नलमध्ये चालते, एक सदोष अपडेट गेले. एका भागाच्या हिशेबात २१ मुद्दे होते, दुसरा भाग २०च पुरवत होता. एकविसावा शोधायला गेलेला ड्रायव्हर नको त्या जागी वाचू लागला आणि संगणक कोसळले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख. विमाने रखडली, भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, अमेरिकेत काही रुग्णालयांनी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. न जुळलेल्या एका आकड्याचा हा परिणाम.

आजींच्या प्रसंगात इतके मोठे काही घडलेले नाही. लिनक्सच्या कर्नलबरोबर हजारो ड्रायव्हर आयतेच येतात. पण काही स्वस्त वायफाय डोंगलचे ड्रायव्हर त्यात नसतात. ते कच्च्या मालासारखे, मूळ कोडच्या रूपात मिळतात आणि त्या त्या संगणकावर, त्याच्या कर्नलच्या मापाने शिवून घ्यावे लागतात. या शिवणकामाला ‘बिल्ड’ म्हणतात. अपडेटनंतर कर्नल बदलला की जुने माप चालत नाही. पुन्हा शिवायला बसावे, तर पडद्यावर चाळीस-पन्नास ओळींची लाल-पांढरी तक्रार येते. यालाच बिल्डची अवलंबित्वाची चूक म्हणतात. म्हणजे जे बांधायचे आहे, त्यासाठी आधी लागणारे काहीतरी जागेवर नाही.

शेवटची नव्हे, पहिली ओळ

अशा वेळी डोळे साहजिकच शेवटच्या ओळीकडे जातात. तिथे बहुधा ‘मेक’ हा प्रोग्राम अपयशी ठरला, इतकेच लिहिलेले असते. त्यातून कळते काहीच नाही. ताप आहे म्हटल्यावर तो मलेरियाचा, विषमज्वराचा की मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा, हे जसे कळत नाही, तसेच. पडद्यावर वर सरकत जावे आणि जिथे ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा आला ती ओळ शोधावी. त्याखालच्या बहुतेक तक्रारी या पहिल्या तक्रारीची पिल्ले असतात. एक मूळ सापडले की बाकीच्या तीस ओळी आपोआप गळून पडतात.

‘मेक’ हा प्रोग्राम १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे, हे पाहून जेवढे बदलले तेवढेच तो पुन्हा बांधतो. त्याच्या जन्माची गोष्ट बोलकी आहे. त्यांच्या एका सहकाऱ्याची सकाळ चूक शोधण्यात गेली होती. चूक कधीच दुरुस्त झाली होती. दुरुस्त केलेली फाइल तेवढी पुन्हा कंपायल झाली नव्हती. म्हणून आजही नव्याने बांधण्याआधी ‘मेक क्लीन’ देऊन मागच्या वेळचे अर्धवट तुकडे साफ करावेत. जुनी पट्टी काढल्याशिवाय जखम नीट दिसत नाही.

मापे कुठे आहेत?

सर्वांत जास्त वेळा सापडणारे मूळ म्हणजे हेडर फाइली नसणे. हेडर म्हणजे कर्नलची मापांची वही. कोणते काम कोणत्या नावाने मागायचे, त्याला किती गोष्टी द्यायच्या, हे तिच्यात लिहिलेले असते. ही वही ठरलेल्या जागी नसली की तक्रारीत ‘बिल्ड’ नावाची फाइल वा फोल्डर सापडत नाही, असे येते.

उपाय दोन पायऱ्यांचा. ‘युनेम’ या आज्ञेला ‘आर’ हे अक्षर जोडून आधी पाहावे की आत्ता कोणता कर्नल चालू आहे. मग अगदी त्याच क्रमांकाचे हेडर पॅकेज बसवावे. इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला, अपडेट झाले पण संगणक बंद-चालू केला नाही, तर डिस्कवर नवा कर्नल असतो आणि चालत असतो जुना. हेडर एकाचे, कर्नल दुसरा. म्हणून आधी रीस्टार्ट. दुसरा, नावातले साम्य. डेबियन आणि उबंटूवर ‘लिनक्स-हेडर्स’ हे पॅकेज लागते, फेडोरावर ‘कर्नल-डेव्हल’. फेडोरावर ‘कर्नल-हेडर्स’ नावाचेही एक पॅकेज आहे, पण ते वेगळ्या कामाचे. नावे सारखी दिसणाऱ्या दोन औषधांची अदलाबदल होते, तशातला हा प्रकार.

आता खरी पंचाईत. हेडर इंटरनेटवरून आणायचे, आणि इंटरनेट तर त्याच बंद पडलेल्या डोंगलवर. लायब्ररीची किल्ली लायब्ररीतच राहिली! अशा वेळी खिशातला अँड्रॉइड मोबाइल केबलने संगणकाला जोडावा आणि फोनच्या सेटिंगमधले ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. यासाठी लागणारे ड्रायव्हर प्रचलित लिनक्स प्रणालींच्या कर्नलबरोबर येतातच. पाच-दहा मिनिटांत काम भागते. त्याहून सोपे म्हणजे नेटवर्कची साधी तार. संगणकाच्या तारेच्या खाचेचे ड्रायव्हर बहुतांशी कर्नलमध्येच असतात.

हेडर आहेत, तरी अडले? मग हत्यारे तपासावीत: कंपायलर, ‘मेक’ आणि कर्नलनुसार लागणाऱ्या काही छोट्या लायब्ररी. कर्नल ज्या आवृत्तीच्या कंपायलरने बांधला, शक्यतो त्याच आवृत्तीने ड्रायव्हर बांधावा. उबंटूच्या २२.०४ या आवृत्तीला ६.५ क्रमांकाचा कर्नल मिळाला तेव्हा अनेकांना याचा अनुभव आला. तो कर्नल जीसीसी कंपायलरच्या बाराव्या आवृत्तीने बांधलेला होता आणि संगणकांवर अकरावी होती. अकरावीला बारावीचा एक पर्याय ओळखता येईना. तक्रार भलतीच अगम्य दिसत होती. उपाय मात्र एक पॅकेज बसवण्याचा होता.

गावाचे नाव बदलले तर

कधी सगळे जागेवर असते, तरी ड्रायव्हरचा कोड बांधला जात नाही. तक्रार येते की अमुक नावाचे काम कर्नलमध्ये नाही किंवा त्याला जास्त गोष्टी दिल्या आहेत. हे समजायला नगर जिल्ह्याइतके चांगले उदाहरण नाही. २०२४ मध्ये अहमदनगरचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. माणसांचे काही अडले नाही. पाथर्डीहून निघालेला माणूस आजही ‘नगरला चाललो’ म्हणतो आणि बरोबर पोचतो. जुना दाखला, नवा दाखला, दोन्हींवरचा जिल्हा एकच हे आपल्याला कळते. कंपायलरला ते कळत नाही. त्याच्या वहीत जुने नाव नसेल, तर त्याच्या लेखी ते गावच नाही.

लिनक्स कर्नलच्या आत अशी नावे सतत बदलतात. ‘आयओरीमॅप-नोकॅश’ हे जुने नाव ५.६ या आवृत्तीत काढून टाकले. उपकरणांचा वर्ग तयार करणाऱ्या ‘क्लास-क्रिएट’ला पूर्वी दोन गोष्टी द्याव्या लागत, ६.४ पासून एकच. हा निष्काळजीपणा नव्हे. बाहेरच्या प्रोग्रामना दिलेला शब्द लिनक्स कसोशीने पाळतो, पण गाभ्यातल्या अंतर्गत रचनेबद्दल असा शब्द तो मुद्दामच देत नाही. सुधारणेला वाव राहावा, हे त्यामागचे कारण. परिणाम असा की कर्नलमध्ये राहणारा ड्रायव्हर बदल करणाऱ्यांकडूनच सोबत दुरुस्त होतो. बाहेर राहणारा मागे पडतो. अशा वेळी कोडमधल्या ओळी अंदाजाने खोडू नयेत. त्या ड्रायव्हरची नव्या कर्नलसाठी सुधारलेली आवृत्ती शोधावी. नाहीच मिळाली तर जुन्या कर्नलवर परत जावे.

दिसतो ‘ओ’, पण नाही

समजा, ड्रायव्हर बांधून झाला. आता तो कर्नलमध्ये चढवायचा. इथे कर्नल स्वतः तपासणी करतो, आणि ती रक्तपेढीतल्या तपासणीसारखी असते. प्रत्येक ड्रायव्हरवर तो कोणत्या कर्नलसाठी, कोणत्या ठळक रचनेने बांधला, याचा शिक्का असतो. हा झाला रक्तगट. शिक्का जुळला नाही तर ‘मॉड्यूलचे स्वरूप अवैध’ असे उत्तर मिळते. पण अनेक लिनक्स प्रणालींत तेवढ्याने भागत नाही. ड्रायव्हर जी जी कामे मागणार, त्या प्रत्येकाच्या रचनेवरून काढलेला एक आकडाही ताडून पाहिला जातो. ही झाली क्रॉसमॅच.

रक्तगट जुळल्यावर क्रॉसमॅच कशाला, असा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. त्याचे उत्तर मुंबईत सापडले होते. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली. आज तो जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. या व्यक्तींच्या लाल पेशींवर ए नसतो, बी नसतो, त्यामुळे साध्या चाचणीत त्यांचा गट ‘ओ’ दिसतो. पण ‘ओ’ गटाच्या पेशींवर असणारा ‘एच’ हा घटकही त्यांच्याकडे नसतो, उलट त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये रक्तात असतात. ‘ओ’ समजून ‘ओ’चे रक्त दिले, तर जीव जाऊ शकतो. क्रॉसमॅच केली की ही फसगत पकडली जाते.

ड्रायव्हरचे तसेच. शिक्का जुळतो, पण कर्नल वेगळ्या सेटिंगने बांधलेला असतो आणि एखाद्या कामाची आतली रचना निराळी असते. अशा वेळी ‘अमुक चिन्हाच्या आवृत्तीबद्दल मतभेद’ अशा अर्थाची तक्रार येते. तिचा अर्थ एकच: योग्य हेडर घेऊन पुन्हा बांधा.

इथे मोह होतो जबरदस्तीचा. लिनक्समध्ये ड्रायव्हर सक्तीने चढवण्याची सोय आहे. ही तपासणी त्यामुळे टाळता येते. तो चढेल, चालेलही. पण आतून चुकीच्या जागी लिहिले गेले, तर आज ना उद्या संगणक गोठेल. त्याहून वाईट म्हणजे तो न गोठता माहिती बिघडवेल. रुग्णालयात बंद संगणक परवडतो. चुकीचे दाखवणारा नाही. कर्नलही ही सक्ती विसरत नाही. तो स्वतःवर ‘दूषित’ असा शेरा मारून ठेवतो. सल्ला धुडकावून घरी गेलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर नोंद करतात, तसा.

आणखी दोन अडथळे संभवतात. एक, ‘इन्समॉड’ ही आज्ञा फक्त सांगितलेला ड्रायव्हर चढवते. त्याला लागणारे दुसरे ड्रायव्हर आधीपासून नसतील तर ‘अनोळखी चिन्ह’ अशी तक्रार येते. सर्जन आला, भूलतज्ज्ञाला निरोपच नाही! त्याऐवजी आधी ‘डेपमॉड’ने यादी ताजी करावी आणि मग ‘मॉडप्रोब’ वापरावे. ते यादी पाहून सगळ्यांना क्रमाने बोलावते. दोन, सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर नाकारला जातो. तेव्हा सुरक्षाच बंद करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नये. स्वतःची किल्ली संगणकात नोंदवून ड्रायव्हरवर सही करण्याची रीतसर सोय आहे.

उपचाराकडून प्रतिबंधाकडे

इतके करून वायफाय सुरू होईल. पण पुढच्या महिन्यात कर्नल पुन्हा अपडेट होईल, तेव्हा? १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी याच जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केले, तेव्हा केवळ आलेला रुग्ण तपासत बसण्यापेक्षा स्वच्छ पाणी, लसीकरण, पोषण यांकडे वळण्याचा मार्ग त्यांनी धरला. गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. जुलाबाच्या औषधाइतकेच विहिरीचे पाणीही महत्त्वाचे, हा तो धडा. संगणकालाही तो लागू पडतो.

‘डीकेएमएस’ नावाची व्यवस्था त्यासाठीच आहे. ड्रायव्हरचा कोड तिच्याकडे सोपवला की दर नव्या कर्नलबरोबर ती तो आपोआप पुन्हा बांधते. त्याला जोड म्हणून विशिष्ट क्रमांकाऐवजी सर्वसाधारण हेडर पॅकेज बसवावे, म्हणजे कर्नल बदलला की नवी मापेही सोबत येतात. हे दुसरे विसरले तर पहिले निरुपयोगी. डीकेएमएसचे अपयश बहुतेक वेळा हेडर नसण्यातच असते. शिवाय आधीचा, चालणारा कर्नल डिस्कवर राहू द्यावा. संगणक सुरू होताना यादीतून तो निवडता येतो. अडचणीच्या सकाळी ही परतीची वाट फार मोलाची ठरते.

अपडेट कायमचे बंद ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. त्यातून सुरक्षेची भगदाडे उघडी राहतात. ओपीडीच्या गर्दीच्या आदल्या संध्याकाळी अपडेट करू नये आणि आधी एका जादा संगणकावर करून पाहावे, एवढे पथ्य पुरे. एक्स-रे, सीटी स्कॅन, व्हेंटिलेटर यांचे स्वतःचे संगणक हे त्या यंत्राचेच भाग असतात. तिथे स्थानिक कोणीही हात घालू नये; कंपनीच्या अभियंत्यालाच बोलवावे.

सर्वांत स्वस्त प्रतिबंध खरेदीच्या वेळीच होतो. एकच प्रश्न विचारावा: या उपकरणाचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये आहे का? ‘सीडी सोबत मिळेल’ हे त्याचे उत्तर नव्हे. तालुक्याच्या रुग्णालयात संगणक जाणणारा माणूस बहुधा एकच असतो, तोही कधी रजेवर, कधी बदलीवर. त्याने काय केले, कोणता कर्नल, कोणता ड्रायव्हर, कोणती आज्ञा, हे एका वहीत लिहून ठेवले तर पुढच्याला चाचपडावे लागणार नाही. औषधाची नोंद केसपेपरवर होते, मग संगणकाची का नको?

संगणकाजवळ लावण्यासाठी

१. रुग्ण आधी. चित्र मूळ यंत्रावर पाहा, उपचार थांबवू नका.
२. तक्रारीतली पहिली एरर वाचा, शेवटची नव्हे.
३. संगणक रीस्टार्ट करा, चालू कर्नलचा क्रमांक पाहा, त्याच क्रमांकाचे हेडर बसवा.
४. कंपायलरची आवृत्ती तपासा, ‘मेक क्लीन’ करा, मग बांधा.
५. नाव सापडत नसेल तर ड्रायव्हरची नवी आवृत्ती शोधा. न मिळाल्यास जुना कर्नल निवडा.
६. जबरदस्ती नाही. सिक्युअर बूटही बंद करायचे नाही.
७. डीकेएमएसकडे सोपवा आणि वहीत नोंद करा.

आजींच्या मनगटाला प्लास्टर घालतानाही हाडाची दोन टोके आधी नीट जुळवतात, मग बांधतात. न जुळवता घट्ट बांधले तर हाड वाकडे जुळते आणि हात कायमचा अधू राहू शकतो. संगणकाच्या गाभ्यालाही नेमके हेच लागते.